नाव नसलेलं ड्रिल आणि फुटामागं एक सूत

आमच्या पलूस-कुंडल भागात बिडाचं जुनं काहीही सापडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "किर्लोस्करचं असणार." नांगर असू दे, कडबा कापायचं यंत्र असू दे, नाहीतर उसाचा चरक. बऱ्याच वेळा ते खरंही निघतं. कारखाना उशाला, मग दुसऱ्या कुणाचं नाव तोंडात येणार?

गावातल्या लोहारांच्या बंद पडलेल्या भट्टीत एक हाताचं ड्रिल होतं, त्याच्याबद्दलही सगळे असंच म्हणायचे. बाभळीच्या खांबाला बोल्टनं आवळलेलं. एका बाजूला हँडल, वर जड चाक, खाली सरकतं टेबल. त्यावर कंपनीचं नाव, गाव, साल काही नाही. यंदा लोहार आबांच्या नातवानं ती जागा मोकळी करायला घेतली आणि प्रश्न पैशाचा झाला. भंगारवाला बिडाच्या भावानं न्यायला तयार होता, वजन भरलं अट्ठेचाळीस किलो. शहरातला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मात्र म्हणाला, "किर्लोस्करचं आहे असं सिद्ध करा, दहापट देतो. इंग्लिश कंपनीचं असलं तर आणखी बघू." आणि जाता जाता म्हणाला, "नाव नसलं तरी हरकत नाही, पितळी पट्टी मी बसवून घेतो."

नातू माझ्याकडं आला. नातवाला पैशाची गरज होती, आबांना नावाचा अभिमान होता, आणि मला ते ड्रिल नेमकं काय आहे हे बघायचं होतं. म्हणून ही नोंद जरा लांबली आहे, मंडळी. चहा घेऊन बसा.

आधी हे बघू, की गावच्या लोहाराला ड्रिल लागलं कशाला. लाकडी नांगराला नटबोल्ट नव्हता. फाळ खोडावर बसवायचा, वर वसू ठोकायचा, झालं काम. भोक पाडायचंच झालं तर लोखंड लाल करायचं, टोकदार पोलाद वर धरायचं आणि घण घालायचा. बैलगाडीच्या धावेला, कुळवाला, विळ्या-खुरप्याला तेवढं पुरत होतं. बलुत्यात लोहाराला जे जे करावं लागायचं, त्यात मोजून-मापून भोक पाडायचं काम फारसं नव्हतंच.

मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्यातूनच पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर निघाले. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, माळरान दिलं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीला लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन नासते असं लोक म्हणत. ही गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगत नाही.

पण त्या गोष्टीत लोहाराचं काय झालं ते कुणी सांगत नाही. लोखंडी नांगराचा फाळ बोल्टवर असतो. बोल्टचं डोकं फाळात बुडलं पाहिजे, वर राहिलं तर माती धरतं आणि नांगर जड चालतो. फाळ झिजला की नवा आणायचा, नाहीतर गावात पोलादाचा तुकडा घेऊन घडवायचा. घडवला तर त्याची भोकं नांगराच्या भोकांवर बरोबर बसली पाहिजेत. दोन भोकांतलं अंतर एका सुतानं चुकलं तर बोल्ट जात नाही. घण घालून पाडलेलं भोक एका बाजूला फुगतं, कडेला चीर जाते. म्हणजे लोखंडी नांगर एकटा गावात आला नाही. त्यानं आपल्या पाठोपाठ पाना, सूत-इंचाची पट्टी आणि ड्रिल आणलं. ज्या लोहाराकडं ड्रिल, त्याच्याकडं चार गावचे नांगर. आबांच्या घरात ड्रिलला अजून हळदीकुंकू लागतं ते उगाच नाही.

वीज तेव्हा गावात नव्हती. आमच्याकडं ती यायला साठचं दशक उजाडलं. त्याआधी एक माणूस हँडल फिरवणार आणि त्याच्याच जोरावर अर्ध्या इंचाचं भोक पडणार, असं यंत्र पाहिजे होतं. अशी खांबाला बसवायची ड्रिलं त्या काळात अमेरिकेत ढिगानं तयार होत. तिथलेही शेतकरी आणि लोहार विजेविना होतेच. लँकेस्टरची चँपियन ब्लोअर अँड फोर्ज, बफेलो शहरातली बफेलो फोर्ज, शिकागोजवळची कॅनेडी-ओटो, ओहायोतल्या सेलमची सिल्व्हर, ही त्यातली मोठी नावं. यांतलं शेवटचं नाव वर्कशॉपवाल्यांना ओळखीचं वाटेल. वर मोठा आणि मागं अर्ध्या इंचाची दांडी असलेला बरमा आजही सिल्व्हर अँड डेमिंग म्हणून मागतात, ते नाव सेलमच्याच कारखान्याचं.

या ड्रिलची खरी गंमत वरच्या भागात आहे. हँडल फिरवलं की दातचाकांमधून स्पिंडल फिरतो, ते कुणालाही कळतं. पण त्याच वेळी हँडलच्या दांड्यावरचं एक वाकडं चाक दर फेऱ्याला एक लांब दांडी हलवतं. दांडीच्या टोकाला कुत्रं असतं, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं तसं. ते वरच्या दातेरी चाकाचा एक दात पुढं ढकलतं आणि बरमा केसभर खाली उतरतो. लोखंड कठीण असेल तर एक दात, मऊ असेल तर दोन-तीन, अशी सोय असते. माणसानं नुसतं फिरवायचं, दाब यंत्र देतं. वरचं जड चाक वेग धरून ठेवतं, म्हणजे बरमा मध्येच अडत नाही. विजेच्या ड्रिलच्या मानानं वेग फार कमी, पण त्या काळच्या साध्या पोलादी बरम्यांना तोच मानवायचा. जास्त गरम झाले की त्यांचं पाणी उतरतं.

आता हे कोणाचं, ते कसं काढलं त्याकडं येतो.

पहिला पुरावा आट्यांचा. आपल्याकडं बोल्ट अजून सुतात मागतात. इंचाला आठ सूत, चार सुती म्हणजे अर्ध्या इंचाचा. इंग्लंडचा व्हिटवर्थ आटा आणि अमेरिकेचा आटा हे पाव इंचापासून सात षोडशांश इंचापर्यंत इंचामागं संख्येनं सारखेच असतात, नुसतं मोजून फरक कळत नाही. अर्ध्या इंचाला मात्र ते फुटतात. व्हिटवर्थचे इंचात बारा, अमेरिकेचे तेरा. म्हणून जुन्या यंत्राचा चार सुती बोल्ट काढा, पट्टीला लावा आणि आटे मोजा. आबांच्या ड्रिलचे बारा भरले. बोल्ट बदललेले असू शकतात, म्हणून बिडात पाडलेल्या आट्यातही तपासलं. तिथंही बाराच. म्हणजे अमेरिकेतून थेट आलेलं नाही. मेट्रिक तर नाहीच. पण त्यावरून लगेच साल ठरवू नका. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आहे, तरी आपल्या पेठेत सुती बोल्ट आजही मिळतो.

मग इंग्रजी? इथं माझ्या मनात वेगळीच शंका होती. त्याची ठेवण मला कुठंतरी बघितल्यासारखी वाटत होती. मिरजेला ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात असंच एक ड्रिल पडून आहे. वर सांगितलेल्यांपैकी एका अमेरिकन कंपनीचं नाव त्याच्या चौकटीवर ठळक अक्षरांत ओतलेलं आहे. मोबाईलमधले फोटो घेऊन गेलो. चौकटीचं वळण तेच, चाकाचे आरे तसेच, दांडीचा बाक तोच. फक्त आबांच्या ड्रिलवर जिथं नाव असायला पाहिजे, तिथं गुळगुळीत पट्टा. हात फिरवला तर तेवढा पट्टा आजूबाजूपेक्षा किंचित खोल लागतो.

मग टेप लावला. आणि इथंच सगळं उलगडलं.

ओतकाम करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आपल्यासाठी लिहितो. वितळलेलं बीड साच्यात निवताना आक्रसतं. साधारण शंभरात एक, म्हणजे फुटाला एक सूत. म्हणून लाकडी फर्मा करणारा सुतार तो मुद्दाम तेवढा मोठा करतो. त्याच्याकडं आक्रसणं धरून आखलेली वेगळी पट्टीच असते. पण फर्मा न करता कुणी तयार यंत्राचा भागच वाळूत दाबला, त्याचा ठसा घेतला आणि त्यात रस ओतला, तर निघणारा भाग मूळच्या भागापेक्षा फुटामागं एक सूत लहान निघतो. नकलेची नक्कल केली तर आणखी एक सूत.

मिरजेच्या ड्रिलवर चौकटीच्या वरच्या कण्यापासून खालच्या कण्यापर्यंत चोवीस इंच भरले. आबांच्यावर पावणेचोवीस. दोन फुटाला दोन सूत कमी, अगदी हिशोबात. वरचं चाक मिरजेला अठरा इंच, आमचं दीड सूत कमी. पण बरमा बसायचं भोक दोन्हीकडं बरोबर अर्धा इंच, कारण ते ओतलेलं नसतं, नंतर मशीनवर कोरलेलं असतं. झिजेनं असा फरक पडत नाही. झिजलेलं यंत्र एका ठिकाणी कमी भरतं, सगळीकडं एकाच प्रमाणात नाही. दातचाकाचे दातही ओतीव. मिरजेचं एक दातचाक मालकाच्या परवानगीनं आमच्या जोडीदार चाकावर लावून बघितलं, दोन-तीन दात गेले की अडकत होतं.

शेवटचा पुरावा मात्र माझा फार लाडका आहे. मिरजेच्या ड्रिलवर प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला एक छोटा अंक ओतलेला आहे, सुटा भाग मागवता यावा म्हणून. आबांच्या ड्रिलवरचे सगळे अंक नाहीसे. पण कुत्र्याच्या दांडीच्या खालच्या बाजूला, मेणचट काळ्या थराखाली, तोच अंक पुसटसा आहे. ज्यानं ठसा घेतला त्यानं कंपनीचं नाव तासलं, बाकीचे अंक तासले, आणि ती दांडी उलटून बघायची राहिली.

तर मंडळी, ही नक्कल आहे. कुणीतरी अमेरिकन ड्रिल उघडलं, एकेक भाग वाळूत दाबला, नाव काढून टाकलं आणि आटे आपल्या हाताशी होते ते, म्हणजे व्हिटवर्थचे, पाडले. ज्या पेठेत व्हिटवर्थचेच टॅप-डाय मिळतात, त्या पेठेतला हा माणूस. कोल्हापूरचं उद्यमनगर, राजकोट, बटाला या आपल्या देशातल्या ओतकामाच्या मोठ्या पेठा. परदेशी यंत्र उघडून बघायचं आणि तसंच ओतायचं, या कामावर अशा पेठांमधल्या कितीतरी पिढ्या जगल्या. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून यंत्रं यायची अवघड झाली, तेव्हा देशात यंत्रं करणाऱ्यांना मागणी आली. किर्लोस्करांनीही हरिहरला लेथचा कारखाना काढला तो १९४१ सालीच. मोठ्या कारखान्याचं यंत्र स्वतःचं नाव लावून आलं. लहान भट्टीतलं नाव न लावता आलं, कारण त्यावर लावायला दुसऱ्याचंच नाव होतं आणि ते लावायचं धाडस नव्हतं किंवा लाज होती. मला स्वतःला ती नक्कल करणाऱ्याबद्दल आदरच वाटतो. बिडाची भिंत कुठंही पातळ नाही, चाक ताशीव नसूनही डुलत नाही. काम चोख आहे.

आबांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. ते ऐंशीच्या पुढचे. मी मापं सांगत गेलो, ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "न्हाई न्हाई. आमच्या आज्यानं वाडीस्नं आणलंय. गाडीतनं. म्या लहानपणापास्नं ऐकत आलोय." मी काही बोललो नाही. वाद घालून काय मिळवणार?

नातवाला मी विचारलं, विकायच्या आधी चालू करून बघायचं का? तो तयार झाला. दुरुस्तीचं थोडं सांगतो, कारण अनेकांच्या घरी अशी गंजलेली यंत्रं आहेत आणि लोक त्यांना थेट ग्राइंडर लावतात. तसं करू नका. वायर ब्रशचा ग्राइंडर पुसट अक्षरं आधी खातो आणि गंज नंतर.

आधी आटे सोडवले. डिझेल आणि इंजिन ऑईल सारखं घेऊन आठवडाभर दोन वेळा टाकलं. वरचा मोठा स्क्रू तरी हलेना. त्याच्या भोवतालचं बीड दिव्यानं बेतानं गरम केलं आणि सांध्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं जातं. तिसऱ्या दिवशी करकर करत सुटला.

गंजासाठी फवारणीचा निळा दोनशे लिटरचा पिंप घेतला. शंभर लिटर पाण्याला साधारण अर्धा किलो धुण्याचा सोडा. कॉस्टिक नव्हे, धुण्याचा. कडेनं जुन्या पत्र्याचे तुकडे, त्यांना बॅटरी चार्जरची पॉझिटिव्ह वायर. मध्ये ड्रिलचा भाग टांगलेला, त्याला निगेटिव्ह. भाग पत्र्याला टेकता कामा नये. उलटं जोडलं तर यंत्रच झिजायला लागतं, म्हणून दोनदा बघा. चार्जर जुना, ट्रान्सफॉर्मरचा पाहिजे, नवे हुशार चार्जर बॅटरी दिसली नाही की सुरूच होत नाहीत. पत्रे स्टेनलेसचे अजिबात घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावर करा. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, जवळ बिडी ओढायची नाही. रात्रभरात गंज काळा मऊ होतो आणि साध्या ब्रशनं निघतो. बारीक स्प्रिंगा मात्र यात टाकू नका, ठिसूळ होऊन तुटतात, त्या हातानंच घासायच्या. धुऊन उन्हात वाळवलं की लगेच तेल. तासाभराचा जरी उशीर झाला तरी तांबूस झाक येते.

कुत्र्याची दांडी मध्ये चिरलेली होती. बिडाला साधा वेल्डिंग रॉड लावला तर शेजारी नवी चीर पडते, हे तुम्हाला माहीत असेल. पितळेनं जोडायचं ठरलं. गॅसवाला बोलावणार तोच आबा उठले. म्हणाले, "भट्टी पेटवा." किती वर्षांनी पेटली असेल. कोळसा नातवानं आणला, पंखा मी फिरवला. आबांनी दांडी अर्धा तास नुसती तापवली, सगळीकडून सारखी. नातू घाई करत होता. "बिडाला घाई करू नगस. सावकाश तापव, सावकाश निवव." चीर पितळेनं भरली, मग दांडी राखेच्या ढिगात पुरून ठेवली सकाळपर्यंत.

राख झाकताना ते आपणहून बोलले. त्यांच्या आज्यानं ड्रिल घरी आणलं तेव्हा ते लाकडी पेटीत होतं, वर गवत भरलेलं. पेटी कुठून घेतली असं विचारलं तर म्हणाले, "टेसनावरनं. पावती दावून सोडवली." कुंडल रोडचं स्टेशन. तिथंच वाडी, म्हणून गावच्या बोलण्यात स्टेशनाला जाणं म्हणजे वाडीला जाणं. मीटर गेजच्या मालगाडीनं कुठल्या तरी पेठेतून पेटी आली, आणि आज्यानं ती बैलगाडीतून घरी नेली. घरातली आठवण खोटी नव्हती. रस्ता बरोबर होता, कारखाना तेवढा नव्हता. आबांनाही ते बोलता बोलता लक्षात आलं असावं, कारण ते थोडे हसले आणि म्हणाले, "मग आज्यानं पैसं तर मोजलंच की."

व्यापाऱ्याला नातवानं फोन करून मापांसकट सगळं सांगितलं. तो म्हणाला, मापं कोण बघतंय, पट्टी बसवली की झालं. नातवानं नको म्हणून सांगितलं. पैशाचं काय, तर गावातल्या आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून भंगाराच्या दुप्पट भाव दिला आणि ड्रिल सोसायटीच्या अवजार शेडमध्ये नव्या खांबाला बसवलं. दहापट नाही मिळाले, हे खरं आहे, आणि नातवाला ते थोडं लागलंय हेही खरं आहे.

रंग दिलेला नाही, फक्त जवस तेलाचा हात. गुळगुळीत पट्टाही तसाच कोरा आहे. परवा कुळवाच्या पासेसाठी दोन सुती पट्टीत चार सुती भोक पाडलं. आधी बारीक बरमा, मग मोठा. एक दाताचा दाब, वर थेंब थेंब तेल. हँडल नातवाच्या पोरीनं फिरवलं, वय वर्षं अकरा. कीस स्प्रिंगसारखा गुंडाळून बाहेर येत होता. वीज गेलेली होती, त्यामुळं शेजारचं विजेचं ड्रिल बंद आणि हे चालू, यावर बरीच थट्टा झाली.

एक काम तुमच्याकडं. तुमच्या गावच्या लोहारशाळेत असं खांबाचं ड्रिल असेल, नाव असो नसो, तर तीन गोष्टी कळवा. चौकटीच्या वरच्या कण्यापासून खालच्या कण्यापर्यंत किती इंच आणि किती सूत, वरचं चाक केवढं, आणि चार सुती बोल्टला इंचात आटे किती. दांडी उलटून खालच्या अंगाचा फोटोही काढा. पावणेचोवीस भरले तर आमच्याच भट्टीतलं भावंड. साडेतेवीस भरले तर कुणीतरी आबांच्या ड्रिलसारख्याचीच पुन्हा नक्कल केली, आणि ते मला बघायचंच आहे.